कळलावीचं विष आणि उलटून येणारा ताप



'कळ लावणं' हा शब्द आपण रोज वापरतो. दोघींत भांडण पेटवून बाजूला होणारीला आपण कळलावी म्हणतो. याच नावाची एक वेल आहे. पावसाळ्यात कुंपणात, झुडपांत, डोंगरउतारावर ती वर चढते. पानाचं टोक दोरीसारखं वळतं आणि शेजारच्या फांदीला धरून बसतं. फूल बुडाशी पिवळं, वर लाल, पाकळ्या वर वळलेल्या, जणू चुलीतला जाळ. म्हणून तिला अग्निशिखाही म्हणतात. कुणी खड्यानाग म्हणतं. कोकणात काही ठिकाणी हिच्या फुलांना 'गौरीचे हात' म्हणतात. संस्कृतात तिचं नाव लांगली. लांगल म्हणजे नांगर. तिचा कंद उकरून पाहिला तर तो खरोखर नांगरासारखा वाकडा असतो.

कळलावी हे नाव मात्र भांडणावरून आलेलं नाही, बाळंतपणाच्या कळांवरून आलं आहे. पूर्वी बाई अडली की सुईणी या कंदाचा लेप तिच्या पोटाला किंवा तळपायाला लावत. कळा याव्यात म्हणून. जाणती सुईण तो कंद पोटात मात्र देत नसे. कारण कळलावी जहर आहे. आयुर्वेदानंही तिची गणना उपविषांत केली आहे.

आज मी या विषाचा इतिहास सांगणार आहे. याच विषातून एक गोळी तयार होते. ही गोळी एका दुर्मीळ, रक्तातून येणाऱ्या तापाच्या आजारावर गेली पन्नासहून जास्त वर्षं दिली जाते. हजारो माणसं तिच्यामुळे वाचली. विषाचं औषध कसं झालं, कुणी केलं आणि त्यात आपल्या कामाचं काय आहे, ते पाहू.

आधी ताप समजून घेऊ. येतो, जातो आणि पुन्हा उलटतो, असा ताप आपल्या ओळखीचा आहे. एक दिवसाआड थंडी वाजून येणारा हिवताप आपल्या आजीपणजीनं भोगला. त्याचं मूळ डासात आहे हे रोनाल्ड रॉस या डॉक्टरनं २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला शोधून काढलं. त्या वेळी आपला जालन्याचा मुलूख आणि सिकंदराबाद एकाच हैदराबाद संस्थानात होते. पण हिवतापावरचं औषध त्याच्याही आधी सापडलं होतं. १८२० साली पॅरिसमधल्या पेल्तिए आणि काव्हाँतू या दोन औषधकारांनी सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन वेगळं केलं. आपल्याकडे ज्याला कोयनेल म्हणत, तेच हे.

त्याच वर्षी याच दोघांनी आणखी एका झाडाच्या कंदातून एक कडू, विषारी द्रव्य काढलं. ते काहीतरी जुनंच, माहीत असलेलं द्रव्य असावं असं त्यांना वाटलं. १८३३ मध्ये गायगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं ते वेगळंच आहे हे ओळखलं आणि त्याला नाव दिलं कोल्चिसीन. म्हणजे उलटून येणाऱ्या दोन तापांची दोन औषधं एकाच वर्षी, एकाच जोडीच्या हातून निघाली. पहिल्याचा उपयोग लगेच कळला. दुसऱ्याचा कळायला दीडशे वर्षं गेली.

कोल्चिसीन ज्या झाडातून निघालं ते कोल्चिकम. काळ्या समुद्राच्या काठी, आजच्या जॉर्जिया देशात, पूर्वी कोल्किस नावाचा मुलूख होता, त्यावरून हे नाव पडलं. पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीत लालबुंद होतो, पांघरूणही सहन होत नाही, त्या आजाराला डॉक्टर गाउट म्हणतात. आपण म्हणतो, 'युरिक ॲसिड वाढलं.' त्यावर हा कंद सहाव्या शतकातल्या अलेक्झांडर नावाच्या ग्रीक वैद्यापासून वापरला जातो. युनानी हकिमांनीही तो घेतला. त्यांचं नाव सुरंजान. काश्मिरात याच जातीचं पिवळ्या फुलाचं झाड उगवतं, त्याचे कंद हिंदुस्थानभर विकले जात. हैदराबाद संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता, त्यामुळे सुरंजान हा शब्द आपल्या भागाला परका नव्हता. काष्ठौषधीच्या दुकानात तो आजही ऐकू येतो.

आणि आपली कळलावी? ती या कोल्चिकमची भाऊबंद आहे, एकाच कुळातली. १९१५ साली इंग्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी कळलावीचा कंद तपासला, तर त्यातही तेच कोल्चिसीन निघालं. आपल्या सुईणी ज्याला भीत होत्या, त्याला आता नाव मिळालं होतं.

आता ज्या आजारासाठी हे सगळं सांगते आहे, त्याच्याकडे वळू. लहानपणीच सुरू होतो. चांगलं खेळणारं लेकरू अचानक तापानं फणफणतं. पोट इतकं दुखतं की हात लावू देत नाही. कधी छातीत दुखतं, कधी गुडघा किंवा घोटा सुजतो. एक ते तीन दिवस हे चालतं. मग ताप आपोआप उतरतो आणि लेकरू पुन्हा खेळायला पळतं. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा तेच. काही बायकांना पाळीच्या दिवसांत हे झटके येतात. रक्त तपासलं तर हिवताप नाही, टायफॉइड नाही. जंतू कुठलाच सापडत नाही.

१९४५ साली न्यूयॉर्कचे डॉ. शेपर्ड सीगल यांनी या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं. १९५८ साली इस्राएलचे डॉ. हेलर, डॉ. सोहार आणि त्यांचे सहकारी यांनी त्याला नाव दिलं. त्याचा मराठी अर्थ होतो 'घराण्यात चालणारा भूमध्य समुद्राकडचा ताप'. कारण तुर्क, आर्मेनियन, अरब आणि ज्यू लोकांत तो जास्त दिसतो. आपल्या देशात तो फार क्वचित आढळतो.

नाव मिळण्याआधी या माणसांनी काय सोसलं असेल, हे बायकांना समजावून सांगायला नको. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ताप उतरलेला. मग घरचे म्हणणार, सोंग करते. कामाच्या दिवशीच बरं दुखतं. पोट इतकं दुखे की अपेंडिक्स समजून कितीतरी जणांची पोटं फाडली गेली. अपेंडिक्स चांगलंच निघे आणि पुढच्या महिन्यात दुखणं पुन्हा हजर. पोटदुखीवर घाईनं ऑपरेशन करून मोकळं होण्याचा प्रकार मराठवाड्यातल्या ऊसतोड बायांना चांगला ठाऊक आहे. गर्भपिशवी गेली, दुखणं राहिलं, अशा कितीतरी जणी आपल्याच गावांत आहेत. त्यांचा आजार वेगळा, पण चूक तीच. दुखण्याचं मूळ न शोधता हत्यार उचलायचं.

झटके सोसूनही माणूस जगायचा. खरा घात पुढे होता. वर्षानुवर्षं अंगात भडका उठत राहिला की अमायलॉइड नावाचं एक घट्ट द्रव्य मूत्रपिंडात साचत जातं. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, पायावर सूज येते आणि शेवटी मूत्रपिंडं बंद पडतात. ऐन तरुणपणी माणसं जात.

१९७२ साली अमेरिकेतल्या बोस्टनचे डॉ. स्टीफन गोल्डफिंगर यांनी वैद्यकीय नियतकालिकाला एक छोटंसं पत्र लिहिलं. रोज थोडं कोल्चिसीन दिल्यानं या तापाचे झटके थांबतात, असं त्यांनी कळवलं. त्याच वर्षी तुर्कस्तानातल्या डॉ. एमिर ओझकान यांनीही स्वतंत्रपणे हेच सांगितलं. गाउटचं शेकडो वर्षांचं जुनं औषध, आणि कुणी त्याच्याकडे या नजरेनं पाहिलंच नव्हतं.

पण एकाला गुण आला म्हणजे औषध सिद्ध होत नाही. हा ताप तर आपोआपच उतरतो. अंगाऱ्यानं उतरला असंही म्हणता येतं आणि गोळीनं उतरला असंही. मग खरं काय ते कसं कळणार? १९७४ साली डॉ. चार्ल्स डिनारेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधी युक्ती केली. अकरा रुग्ण घेतले. त्यांना काही दिवस कोल्चिसीनची गोळी दिली, काही दिवस हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. कोणती गोळी कधी, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही नाही. प्रत्येक झटक्याची नोंद ठेवली. शेवटी हिशोब मांडला. औषध नसलेल्या दिवसांत ३८ झटके आले होते, औषधाच्या दिवसांत फक्त ७. बचत गटाच्या वहीसारखाच हा हिशोब. तोंडी गप्पा नकोत, लिहिलेलं दाखवा.

पुढचा हिशोब त्याहून मोठा. इस्राएलच्या डॉ. डेबोरा झेमर यांनी १,०७० रुग्णांवर चार ते अकरा वर्षं लक्ष ठेवलं आणि १९८६ साली निकाल छापला. सुरुवातीला ज्यांची मूत्रपिंडं चांगली होती असे ९६० जण होते. त्यांतल्या ज्यांनी गोळी नेमानं घेतली, त्यांच्यापैकी फक्त चौघांच्या लघवीत प्रथिनं दिसू लागली. गोळी नेमानं घेतली नाही असं ५४ जणांनी कबूल केलं. त्या ५४ पैकी १६ जणांना तो त्रास सुरू झाला. गोळी तीच, आजार तोच. फरक पडला तो फक्त नेमानं. बरं वाटतंय, मग कशाला गोळी, असं म्हणून थांबवणाऱ्यांचं नुकसान झालं. बीपीची आणि थायरॉईडची गोळी मध्येच सोडणाऱ्या आपल्या मैत्रिणींनीही हे आकडे लक्षात ठेवावेत.

हे विष शरीरात करतं तरी काय? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या राखणदार. चोर आला की धावून जातात. या आजारात चोर नसतानाच राखणदार काठ्या घेऊन धावतात आणि घरातल्यांनाच झोडपतात. त्याचाच ताप, त्याचीच सूज. कोल्चिसीन या पेशींच्या आतले हालचालीचे धागे आवळून धरतं. त्या मंदावतात आणि भडका उठत नाही. मात्र जास्त पोटात गेलं तर तेच विष शरीरातल्या सगळ्याच पेशींचं काम बंद पाडतं.

आता या आजाराच्या रक्ताच्या नात्याबद्दल. १९९७ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी एकाच वेळी या आजाराचं जनुक शोधून काढलं. जनुक म्हणजे आईबापाकडून लेकरात उतरणारं वाणाचं बी. प्रत्येक जनुकाच्या आपल्यात दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. बहुतेक वेळा हा आजार तेव्हाच होतो, जेव्हा दोन्ही प्रतींत बिघाड असतो. म्हणजे आईकडून एक आला आणि बापाकडूनही एक आला. दोघंही स्वतः धडधाकट असतात, त्यांना पत्ताही नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक लेकराला आजार होण्याची शक्यता चारांत एक. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं तर दोघांकडे एकच बिघाड असण्याची शक्यता वाढते.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. लेकरू सारखं आजारी पडलं की आपल्याकडे बोट कुणाकडे जातं? सुनेकडे. हिच्या माहेरचं रक्त वाईट, ही पांढऱ्या पायाची. जनुकाचा हिशोब सांगतो की अशा आजारात जेवढा वाटा माहेरचा, तेवढाच सासरचा. दोष कुणाचाच नाही.

आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हा बिघाड काही समाजांत इतका पसरला कसा, की सुमारे पाचांतल्या एकाच्या अंगात तो असावा? २०२० साली शास्त्रज्ञांनी पेशींवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की या बदलामुळे प्लेगच्या जंतूशी लढायला शरीराला जास्त बळ मिळतं. ज्या मुलखांत प्लेगनं गावं ओस पाडली, तिथं हा बदल असलेले लोक तगले असावेत. प्लेग काय होता ते महाराष्ट्राला सांगायला नको. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. ज्याला आज आपण वाईट रक्त म्हणू, त्याच रक्तानं एके काळी कुणाचे तरी पणजोबा वाचले असतील.

गोळीनं सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. काहींना ती पुरत नाही, काहींना सोसत नाही. त्यांच्यासाठी पुढची वाट उघडली ती पुन्हा डॉ. डिनारेलो यांच्या कामातून. शरीरात ताप पेटवणारं मुख्य द्रव्य, इंटरल्युकिन-एक, त्यांनी पुढे अनेक वर्षं खपून वेगळं काढलं. त्या द्रव्याला अडवणारी इंजेक्शनं आता निघाली आहेत. घराण्यात चालणारे असेच आणखी काही ताप आहेत, ज्यांवर कोल्चिसीन फारसं चालत नाही. त्यांनाही ही इंजेक्शनं उपयोगी पडतात. २०१६ साली अमेरिकेनं त्यांतल्या कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनला अशा तापांसाठी मंजुरी दिली. पण त्याची किंमत लाखांच्या घरात.

किमतीचाही एक इतिहास आहे. २००९ साली अमेरिकेत एका कंपनीनं कोल्चिसीनच्या गोळीला नव्यानं सरकारी मंजुरी मिळवली. मग सुमारे नऊ सेंटची गोळी जवळजवळ पाच डॉलरला गेली. पन्नासपट. औषध हजार वर्षांपूर्वीचंच, फक्त वेष्टन नवं. आपल्याकडे ही गोळी आजही काही रुपयांत मिळते.

आणि ती येते कुठून? तमिळनाडूत कळलावी हे राज्याचं फूल आहे. तिरुप्पूर, करूर, दिंडीगल या भागांत तिची शेती होते. तिचं बी कारखान्यात जातं, परदेशीही जातं आणि त्यातून कोल्चिसीन काढतात. फुलात बी भरावं म्हणून परागकण हातानं एका फुलावरून दुसऱ्या फुलावर लावावे लागतात. कुणाचं तरी दुखणं थांबवणाऱ्या या गोळीमागे कुठल्यातरी रानात वाकलेल्या मजुरांची सकाळ असते.

मग आपण यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, माप. कोल्चिसीनची एक गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. मोहरीच्या एका दाण्याचं वजनही याहून जास्त भरतं. एवढ्या बारीक मापावर औषध आणि विष वेगळं होतं. कळलावीच्या एका कंदात किती विष आहे ते डोळ्यांनी कळत नाही. जमीन बदलली, झाड बदललं की ते बदलतं. रताळं समजून हा कंद खाल्लेली माणसं मेली आहेत. आधी उलट्या-जुलाब होतात, मग दोन-तीन दिवसांत एकेक अवयव बंद पडतो. म्हणून कळा याव्यात, पाळी यावी, पोट पडावं, सांधे राहावेत, अशा कुठल्याही कारणासाठी कळलावी पोटात घ्यायची नाही. कुणी खाल्लीच तर वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि झाडाचा तुकडा सोबत न्यायचा. आणि हे विष गोळीत आहे म्हणून गोळीला भ्यायचं नाही. डॉक्टरनं दिली असेल तर त्या मापानं ती औषधच आहे. फक्त दुसरं कुठलं औषध, विशेषतः अँटिबायोटिक सुरू करताना, ही गोळी चालू आहे हे सांगायचं. दिवस राहिले म्हणून ती परस्पर बंदही करायची नाही, आधी विचारायचं.

दुसरी गोष्ट, नोंद. आपल्याकडे वरचेवर ताप येणाऱ्या बहुतेक लेकरांना हा दुर्मीळ आजार नसतो. हिवताप, टायफॉइड, क्षय, लघवीतला जंतुसंसर्ग हे आधी तपासायचं. पण तपासण्या चांगल्या आल्या आणि तरी ताप ठरावीक चालीनं उलटत राहिला, तर अंगावर काढू नका आणि देवऋषाकडेही जाऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागा. ताप कधी आला, किती दिवस राहिला, कुठं दुखलं, सूज होती का, पुरळ होतं का. तीन-चार महिन्यांची ही नोंद घेऊन आशाताईंबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जा. पुढे गरज पडली तर मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात ते विशेष केंद्र म्हणून नेमलेलं आहे. त्याच आवारात रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवर काम करणारी सरकारी संशोधन संस्थाही आहे. मोठ्या डॉक्टरला मोठं मशीन लागतंच, पण त्याआधी त्याला तुमच्या कॅलेंडरवरच्या त्या तारखा लागतात. त्या आईशिवाय दुसरं कोण देणार?

आणि तिसरी गोष्ट, विश्वास. दुखतंय म्हणणारीला सोंग करते म्हणू नका. ताप उतरल्यावर हसणारी मुलगी मघाशी खोटं रडत नव्हती. सीगल, हेलर, गोल्डफिंगर, झेमर यांनी केलं ते एवढंच. रुग्णानं सांगितलं ते खरं मानलं, लिहून घेतलं आणि मोजलं. हे आपल्या घरातही जमण्यासारखं आहे.

पुढच्या बैठकीत गटाची वही उघडाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. आपल्यापैकी कुणाच्या लेकराचा ताप सारखा उलटतो का? उत्तर आलं तर तिथंच तारखा लिहायला सुरुवात करा.